मटणाच्या जेवणानंतर आठ जणांसाठी गोड काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून बेत असा दिसतो: येत्या शनिवारी रात्री तुमच्या नाशिकच्या घरी, तुम्ही दोघं धरून आठ माणसं जेवायला. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, दोघं शाकाहारी म्हणून भरली वांगी, शेवटी इंद्रायणीचा भात. गोडाला तुमचं मत श्रीखंड, बायकोचं तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचं इटालियन गोड), आणि आई म्हणतात गुलाबजामचा डबा आणा, कशाला घोळ घालता.

मी तिघांनाही नको म्हणेन, पण कारणं वेगवेगळी आहेत.

श्रीखंड, बासुंदी, आमरस ही ताटातली गोडं. पुरीबरोबर खायची, मध्ये बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मग परत श्रीखंड. अर्धं जेवण त्यावरच होतं, म्हणून त्या दिवशी ताटात दुसरं काही झणझणीत करत नाहीत. तुमच्याकडे झणझणीत मटणच मुख्य आहे. दोन भाकऱ्या, रस्सा, वर भात झाल्यावर वाटीभर घट्ट श्रीखंड समोर आलं की माणूस दोन चमचे खातो, ‘छान झालंय हं’ म्हणतो आणि वाटी हळूच बाजूला सरकवतो. जेवणानंतरचं गोड थंड हवं, किंचित आंबट हवं आणि माणशी अर्ध्या वाटीच्या वर नको. गुलाबजाम इथेच बाद होतो. खव्याचा, तळलेला, वर पाकात मुरलेला. तेलाचा तवंग असलेल्या रश्श्यानंतर तो कुणाला झेपणार? आईंना दुखवायचं नसेल तर डबा दुसऱ्या दिवशीसाठी आणा.

तिरामिसूची एक गोष्ट मला पटते: ते आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. पाहुणे बाहेर गप्पा मारतायत आणि यजमान आत ओट्याशी, हे आठ जणांच्या जेवणात फार वाईट दिसतं. पण त्यात अंड्याचा बलक असतो, बिस्किटांतही अंडं असतं, तेव्हा त्या दोघा शाकाहाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नका. शिवाय मस्कार्पोने या मऊ इटालियन चीजऐवजी साधं पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटून भागवू म्हणाल तर ते फुलणार नाही. त्यात स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि फेटून उभं राहायला 30-35 टक्के तरी लागतो. तासभर फेटत बसाल आणि शेवटी पातळ खीर हातात येईल.

विचारण्यावरून आठवलं. शनिवार आहे! ‘आज मला चालत नाही’ म्हणणारं एखादं मारुतीभक्त माणूस निघतंच. आजच सगळ्यांना मेसेज टाका, म्हणजे वांगी किती भरायची तेही कळेल.

आता माझी सूचना: थंड चक्क्यावर शिजवलेली काळी द्राक्षं. फेब्रुवारीत नाशिकमध्ये बसून द्राक्षं सोडून दुसरं काही शोधायचं म्हणजे कमाल आहे. ओझर-पिंपळगावकडे जाणं होणार असेल तर हायवेच्या कडेला माल ताजा मिळतो, नाहीतर कोपऱ्यावरचा फळवालाही चालेल. काळी घ्या, शरद किंवा जंबो. थॉमसन, सोनाका ही हिरवी द्राक्षं खायला छान असली तरी शिजवल्यावर त्यांचा रंग मळकट हिरवा होतो, काळ्यांचा मात्र गडद जांभळा उतरतो. मण्यावरचा पांढुरका थर हे द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे, त्याला घाबरू नका. फवारणीची धास्ती असेल तर मिठाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग वाहत्या पाण्याखाली नीट धुवा.

शुक्रवारी रात्री सव्वा किलो घट्ट दही पंच्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, खाली पातेलं. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण होईल. साधारण अर्धा किलो चक्का पडेल. श्रीखंडाला चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीनं साखर लागते, इथे 100 ग्रॅम पिठीसाखर पुरे. चाळणीतून एकदा घासून घ्या आणि वेलदोडा घालायचा मोह आवरा. जायफळही नको. ते वास आले की सगळ्यांच्या मनात पुरी येते.

अर्धा किलो द्राक्षं अर्धी कापा, मूठभर बाजूला ठेवा. बाकीची जाड बुडाच्या कढईत तीन चमचे साखर घालून, पाणी अजिबात न घालता, मध्यम आचेवर ठेवा. आधी सालं सुटतात, मग रस सुटतो, मग तो आटायला लागतो. दहा-बारा मिनिटांत पाकासारखा दिसेल. गार झाल्यावर आणखी दाट होतो, म्हणून जरा सैल असतानाच उतरवा. चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू टाळू नका, नाहीतर निव्वळ जॅमची चव लागते. पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यावर घाला, गरम घातलात तर चक्का पाणी सोडतो. चहाचे लहान काचेचे ग्लास असतील तर खाली चक्का, वर द्राक्षं, त्यावर बाजूला ठेवलेली कच्ची द्राक्षं आणि भाजलेल्या बदामाचे काप. शनिवारी दुपारी भरून फ्रिजमध्ये ठेवा, बदाम मात्र वाढताना. रात्री फक्त ट्रे बाहेर काढायचा.

मटणावर दही कसं, असं कुणी ज्येष्ठ विचारतीलच. माशांवर दूध बऱ्याच घरांत चालत नाही, मटणावरही काहीजण टाळतात. पण दही तर आपण मटणाला आधीच चोळून ठेवतो. तरी ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी हिरवी द्राक्षं पुसून, सुटी करून तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि वाटीत तशीच वाढा. आतून बर्फाच्या गोळ्यासारखी होतात, आणि खरं सांगायचं तर लहान मुलं ग्लासाकडे बघतही नाहीत, तीच संपवतात. मधुमेह असलेलं कुणी असेल तर ‘फळच आहे’ म्हणत आग्रह मात्र नको. गोड द्राक्षांत 100 ग्रॅममागे 15-16 ग्रॅम साखर असते.

बेत पुढे ढकलला गेला तर हाच चक्का दुसऱ्या फळांबरोबर चालतो. वणी-सापुतारा रस्त्यावर मिळणारी सुरगाण्याची स्ट्रॉबेरी असेल तर शिजवायचीही गरज नाही, साखर लावून अर्धा तास ठेवली की झालं. पावसाळ्यानंतर सीताफळाचा गर घ्या, पण तो गरम करू नका, कडवटपणा येतो. अननसाचं उलट: तो साखरेत शिजवूनच घाला, कच्च्या अननसानं दही कडू होतं. मे महिन्यात मात्र हे काहीच करू नका, आंबे कापून ठेवा.

पंच्याखाली जमलेलं पाणी फेकू नका, रविवारच्या पोळ्यांची कणीक त्यात मळा. आणि आठातलं कुणीतरी काजूकतलीचा डबा घेऊन येईलच. तो जेवणाआधी उघडू नका. ग्लास उचलून झाले, कॉफी आली, की मध्यभागी ठेवा. कॉफीबरोबर तो बरोबर रिकामा होतो.