लायसन्स ‘ट्रान्सफर’ होत नाही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टेक्सास सोडून कॅलिफोर्नियाला जायचं ठरलं, हे वाचून आनंद झाला. पण त्याच्याच खाली तू विचारलंयस, ‘लायसन्स ट्रान्सफर करायला दोन आठवडे पुरतील ना?’ अगं, बँकेचं खातं एका शाखेतून दुसरीत हलवावं तसं नर्सिंगचं लायसन्स हलत नाही. आपण ज्याला ट्रान्सफर म्हणतो त्याला इथे एंडोर्समेंट म्हणतात. नव्या राज्याचं नर्सिंग बोर्ड तुझं शिक्षण, आधीचं लायसन्स, बोटांचे ठसे असं सगळं नव्याने तपासतं आणि मग स्वतःचं वेगळं लायसन्स देतं. एनक्लेक्स, म्हणजे लायसन्सची परीक्षा, पुन्हा द्यावी लागत नाही, तेवढा जीव भांड्यात पडू दे. दोन आठवडे मात्र विसर. काही महिने धरून चाल.

तुझं लायसन्स मल्टीस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत चालणारं आहे, म्हणून तू निर्धास्त आहेस. ते फक्त नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट या राज्याराज्यांतल्या करारात सामील झालेल्या राज्यांत चालतं. चाळीसहून जास्त राज्यं आणि प्रदेश त्यात आलेत, कॅलिफोर्निया नाही. खरी मेख पुढेच आहे. मल्टीस्टेटचा हक्क तुझ्या राहत्या राज्याशी बांधलेला असतो. ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं, टॅक्स रिटर्नवर पत्ता कुठला, यावरून ते ठरतं. तू कॅलिफोर्नियाची रहिवासी झालीस की टेक्सासचं लायसन्स फक्त टेक्सासपुरतं उरतं. म्हणजे तोवर कॉम्पॅक्टमधल्या ॲरिझोनात एखादी ट्रॅव्हल असाइनमेंट, म्हणजे तात्पुरती नोकरी करीन, हा तुझा बेत बारगळला. तू ॲरिझोनालाच राहायला जाणार असतीस, तर २ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे ६० दिवसांच्या आत तिथे अर्ज करायचा, एवढंच काम होतं. तुझ्या नशिबी कॅलिफोर्निया आलं आहे.

टेक्सासच्या लायसन्सचं व्हेरिफिकेशन नर्सिस (Nursys) या वेबसाइटवरून ऑनलाइन जातं, ३० डॉलर भरायचे. त्यात फार जीव घालू नकोस. तुझा वेळ खाणार आहेत ते आपल्याकडचे कागद.

भारतात शिकलेल्या नर्सचा ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून थेट बोर्डाकडे जावा लागतो. तुझ्या हातातल्या प्रतीला तिथे किंमत नाही. शिवाय अभ्यासक्रमाचा तपशील भरायचा एक फॉर्म असतो: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण, वृद्धांची शुश्रूषा, प्रत्येकाचे थिअरीचे तास किती, क्लिनिकलचे किती आणि कधी. हा ‘कधी’ नीट वाच. कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की या विषयांची थिअरी आणि क्लिनिकल बरोबरीने झालेली हवी. मिडवाइफरीची थिअरी एका वर्षी आणि लेबर रूमची पोस्टिंग पुढच्या वर्षी झाली असेल, तर बोर्ड अडवू शकतं. परदेशात शिकलेल्या कितीतरी नर्सेस नेमक्या इथे अडकल्या आहेत. म्हणून अर्ज भरण्याआधी कॉलेजातून वर्षवार वेळापत्रक आणि पोस्टिंगच्या तारखा मागवून घे. फोनवर ‘पाठवतो’ म्हणतील. ओळखीचं कुणी प्रत्यक्ष ऑफिसात उभं राहिलं की फाइल हलते.

आता नावाचं. माझी गाडी इथेच रुतली होती. मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्ट लग्नानंतरचा, म्हणजे मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. पहिल्या लायसन्सवर मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर. मला ती सगळी मीच वाटत होते, पण अर्ज तपासणाऱ्या बाईंना तिथे तीन वेगळ्या बायका दिसल्या. त्यांचं तरी काय चुकलं? लग्नाचा दाखला मी अर्जासोबत जोडलाच नव्हता. तो मागितला गेला, पोचला, पुन्हा रांगेत लागला आणि माझी जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे गेली. तू अर्जातच आधीची सगळी नावं लिही आणि लग्नाचा दाखला पहिल्याच दिवशी लाव.

ठशांचंही ऐकून ठेव. लाइव्ह स्कॅन, म्हणजे मशीनवर घेतलेले डिजिटल ठसे, कॅलिफोर्नियातच करता येतं. टेक्सासमधून द्यायचे तर शाईचे ठसे कार्डावर घेऊन पाठवायचे. दिवसाला पन्नास वेळा हात धुणाऱ्या आपल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, आणि अस्पष्ट कार्ड परत येतं. ठसे द्यायला जाण्याआधी चार दिवस रात्री हातांना क्रीम लाव. घर बघायला तिकडे एक चक्कर होणारच असेल, तर लाइव्ह स्कॅन त्याच वेळी उरकून घे.

रिक्रूटर गोड बोलेल. ‘ओरिएंटेशन तर सुरू करू, लायसन्सचा नंबर येईलच मागून,’ असं म्हणेल. बोर्डाच्या साइटवर तुझ्या नावापुढे नंबर दिसेपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. फोनवरच्या ट्रायाजच्या, म्हणजे पेशंटची तातडी ठरवण्याच्या कामालाही हेच लागू आहे, कारण पेशंट ज्या राज्यात असेल तिथलं लायसन्स लागतं. टेक्सासच्या नोकरीची नोटीसही तो नंबर दिसल्यावरच दे.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. तिथे एका नर्सकडे किती पेशंट हे कायद्यानेच ठरलेलं आहे. कायदा १९९९चा, अंमल २००४पासून. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. तू परवा सात पेशंट सांभाळून रडवेली होऊन फोन केला होतास, म्हणून सांगते.

टेक्सासचं लायसन्स सोडू नकोस. रिन्यूअलला दोन वर्षांत २० तासांचं शिक्षण लागतं, कॅलिफोर्नियाला ३०. घेतलेले कोर्स बहुधा दोन्हीकडे दाखवता येतील, पण कोर्स देणारी संस्था दोन्ही बोर्डांना मान्य आहे ना, ते पाहून घे.

मार्कशीट, पासपोर्ट आणि टेक्सासच्या लायसन्सचे फोटो आज रात्रीच पाठव. तिन्हींवरची नावं अक्षर न अक्षर जुळवून बघते. माझी ड्युटी सकाळी साडेसातला सुटते, त्यानंतर फोन कर.

तुझी,
ताई