लडाखच्या आधी पन्हाळा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ज्वालामुखी बेटांच्या माळेतल्या खडकांचं जुनं चुंबकत्व अभ्यासायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण "कोल्हापुरात राहून काय मिळणार, इथं सगळा काळा पाषाण" असं लिहिलंस, ते काही पटलं नाही.

लडाखमध्ये खारदुंगच्या बाजूला जे ज्वालामुखी खडक आहेत, ते एकेकाळी समुद्रातल्या बेटांच्या माळेचा भाग होते. त्यांचं आणि आपल्या पन्हाळ्याच्या लाव्हाचं वय जवळपास एकच, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार ती बेटं तेव्हा साधारण ८ अंश उत्तर अक्षांशावर, विषुववृत्ताजवळ होती. आशियाच्या काठाला चिकटलेली नव्हती. मग त्यांच्यापासून भारत किती लांब होता? ते दख्खनचा दगड सांगतो. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या घराजवळ आहे.

लाव्हा थंड होताना त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. ही दिशा क्षितिजाशी जो कोन करते ती नती. नतीचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटची दुप्पट, एवढं एकच सूत्र. दख्खनची सरासरी नती ४४ अंशांच्या घरात येते, म्हणजे अक्षांश साधारण २६, आणि तोही दक्षिण. महाबळेश्वरच्या घाटात खालचे थर उलट ध्रुवतेचे, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते तेव्हाचे, वरचे सुलट. पन्हाळ्याचे थर त्या वरच्यांतले. तिथल्या नमुन्यात दिशा उत्तरेकडं, जरा वायव्येला झुकलेली, पण टोक आकाशाकडं! आज आपल्या भागात सुलट दिशेचं टोक जमिनीकडं असतं; टोक आकाशाकडं म्हणजे तो दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला गोठला. हे एकदा स्वतः मोजून बघ; नुसतं वाचून ते अंगात मुरत नाही.

आपले थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळं इथं हात बसवायला सोपं. बेटांच्या माळेत तसं नसतं. ज्वालामुखीच्या उतारावर लाव्हा मुळातच तिरका गोठतो, पुढं भूकवचाच्या हालचालीनं आणखी कलतो. मूळ क्षितिज कुठलं हे ठरवता आलं नाही तर नतीचा आकडा निरर्थक. म्हणून लाव्हाच्या मध्ये पाण्यात साचलेला बारीक गाळ सापडतो का बघ आणि कल त्याच्यावर मोज. दुसरी अडचण गरम पाण्याची आणि खालून घुसलेल्या ग्रॅनाइटची. दोन्ही जुनं चुंबकत्व पुसून नवं बसवतात. यावर जॉन ग्रॅहम या भूभौतिकशास्त्रज्ञानं १९४९ साली दिलेल्या कसोट्या आजही चालतात. घडी पडलेले थर कागदावर सरळ केल्यावर दिशा जुळत असतील तर चुंबकत्व घडीच्या आधीचं. राडारोड्याच्या थरातल्या गोट्यांच्या दिशा वाटेल तशा विखुरलेल्या असतील तर ते आणखी जुनं. सगळे गोटे एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर तो भाग नंतर तापला किंवा बदलला, निमूटपणे सोडून दे. ज्वालामुखी बेटांवर असे राडारोड्याचे थर भरपूर असतात, त्यांचा फायदा घे.

शिवाय बेटांची माळ जागच्या जागी फिरते. नैऋत्य जपान सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी ४५ अंशांच्या आसपास घड्याळाच्या दिशेनं फिरला, ईशान्य जपान उलटा, आणि मध्ये जपानचा समुद्र उघडला. हे सगळं दगडांतल्या दिशांवरून कळलं. असं फिरल्यानं दिक्पात, म्हणजे दिशेचा उत्तरेशी होणारा कोन, बदलतो, नती तशीच राहते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

आता कामाचं. पन्हाळा-जोतिबाच्या माथ्यावरचा जांभा घेऊ नकोस, त्यातलं लोह नंतर कुजून तयार झालेलं आहे. उघड्या कड्यांवर वीज पडलेली असते, तिथला दगड होकायंत्राची सुई भरकटवतो. होकायंत्र दगडाला लावून हळूहळू सरकव. सुई हलली तर जागा बदल. टोप गावाकडच्या खाणींत ताजा दगड मिळेल, पण सुरुंगानं हललेला धोंडा नको, जागचा कडा हवा. कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेली दगडाची कांडी, तोडण्याआधी पितळी तारेनं त्यावर खूण कर, सूर्याची वेळ टिपून दिशा पडताळ. खूण नसलेला कोअर टाकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी. आणि एका थरातून दहा कोअर काढलेस तरी ती एकाच क्षणाची नोंद. सरासरीसाठी थर जास्त हवेत.

भट्टी आणि दगडाचं चुंबकत्व मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेला किंवा पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेला आत्ताच लिही, यंत्राची वेळ मिळायला उशीर लागतो. पीएचडीचा आराखडा मला नंतर पाठव. आधी पावसाच्या आत पन्हाळ्याच्या पाच थरांची वही पाठव, प्रत्येक थराची जाडी, कल आणि दोन थरांमधली लाल माती कुठं आहे ते चितारून.

तुझे सर