संगणक हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

प्रश्न : डेस्कटॉप मध्येच अर्धा मिनिट अडकतो. माऊस हलतो, पण काहीच उघडत नाही. मग आपोआप सुरळीत होतो. विंडोज नव्याने टाकू का?

इतक्यात नको. माऊस हलतोय म्हणजे विंडोज जिवंत आहे, बहुधा ड्राइव्हच्या उत्तरासाठी खोळंबलंय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘विंडोज लॉग्ज’खालचं ‘सिस्टिम’ उघडा आणि अडकण्याच्या वेळेच्या नोंदी पाहा. नोंदीचा क्रमांक (इव्हेंट आयडी) १२९ म्हणजे उत्तर न आल्याने ड्राइव्ह रीसेट करावा लागला, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, ७ म्हणजे बॅड ब्लॉक, ड्राइव्हवरचा खराब भाग.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं ॲप चालवा. साटा ड्राइव्ह (मदरबोर्डला साटा केबलने जोडलेला) असेल तर यादीतल्या सी७ या ओळीचा आकडा आधी बघा. तो केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा हिशेब असतो. तो कधी कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा, साटा केबल बदला, शक्यतो क्लिपवाली घ्या, आणि आठवडाभराने परत बघा. वाढला नसेल तर दोष केबलचाच होता. शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात जाऊ नये.

सी७ शून्यच असेल आणि ड्राइव्ह एसएसडी असेल, तर तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि ती गच्च भरली असेल तर १५-२० टक्के जागा मोकळी करा.

प्रश्न : हार्ड डिस्कच्या सी५ समोर १८ दिसतंय. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क ‘/r’ लावून चालवू?

आधी डेटा काढा. घरचे फोटो, हिशेबाच्या फायली, जे परत मिळणार नाही ते सर्वांत आधी. सी५ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे. आणि हा १८ बहुधा हेक्साडेसिमल आहे, म्हणजे प्रत्यक्षात २४; हे ॲप मूळ आकडे त्याच पद्धतीने दाखवतं. ‘/r’ अख्खी डिस्क वाचायला लावतं. डेटा वाचणारं, आधीच थकलेलं हेड त्यात कायमचं निकामी होऊ शकतं, आणि तुमच्या फायली अजून तिच्यावरच असतात.

बॅकअप हातात आल्यावर क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट मारा. त्यात प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं. सी५ शून्यावर आला आणि ०५ (खराब म्हणून बदललेल्या सेक्टरांचा आकडा) वाढला नाही, तर डिस्क सिनेमे ठेवण्यापुरती वापरा. ०५ चढतच राहिला तर तिला रजा द्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीही न करता वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय करू नका, आत दव धरतं.

प्रश्न : एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी) बसवल्यापासून जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली.

अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये असतं. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा.

प्रश्न : माऊससकट सगळंच गोठतं, बटण दाबून बंद करावं लागतं. नोंद फक्त कर्नल-पॉवर ४१ची.

४१ इतकंच सांगतं की संगणक नीट बंद झाला नव्हता. इथे पहिला संशय रॅमवर. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या (पास) पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी एकेक रॅम वेगळी लावून पुन्हा तपासा. रॅम निर्दोष निघाली तर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलून बघा. तोवर मोठ्या फायली हलवू नका आणि चेकडिस्कही चालवू नका, कारण सदोष रॅममधून गेलेला डेटा डिस्कवर चुकीचाच लिहिला जातो.