पाळकीय की पालकीय?

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न: अमेरिकी ईश्वरविज्ञानी वेन ओट्स यांना एका लेखात ‘पालकीय समुपदेशनाचे आचार्य’ म्हटलंय, ते बरोबर का? आणि त्यांनी घडवलेल्या ‘वर्कोहोलिक’ला मराठीत काय म्हणावं?

पाळकीय. ळ. एवढ्यावर थांबलो असतो, पण हा ‘पालकीय’ बेळगाव-खानापूर भागात कानावर आदळतच असतो. दहावीच्या निकालाआधी आईबापांना बोलावून देतात ते पालकांचं समुपदेशन. घरातलं मरण, दारू, मोडलेलं लग्न घेऊन आलेल्या माणसाजवळ चर्चचा पाळक बसतो ते पाळकीय. हा ल कुठला, तेही उघड आहे. कन्नडमध्ये पास्टरला ‘सभापालक’ म्हणतात, आणि दोन्ही भाषांत पत्रिका छापताना तो मराठी ओळीत घुसतो. कन्नडचं काही चुकत नाही, तिचा शब्दच तो आहे. मराठी बायबलात मात्र पाळक आणि मेंढपाळ आहेत.

‘संस्कृतात ल आहे, म्हणून पालकच शुद्ध’ असं सांगणारे पंडितही भेटतात. त्यांनी रविवार पेठेत जाऊन ‘फलं’ मागून दाखवावीत.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिन ‘पास्टर’ म्हणजे गुरं-मेंढरं चारणारा. त्याचं मूळ आणि आपल्या ‘पा’ म्हणजे राखणे या धातूचं मूळ एकच. ‘पाल्’ही परंपरेने त्या ‘पा’शीच जोडतात. म्हणजे पास्टरचं ‘पाळक’ हे भाषांतर नव्हेच, दोन चुलतभावांची ती भेट! त्याच ‘पा’पासून गो-पा, गाई राखणारा. गोपावरून ‘गोपायति’, राखतो. त्यातून सुटा झाला ‘गुप्’, आणि गुप्‌पासून गुप्त, गोपनीय. समुपदेशकाने ऐकलेलं बाहेर सांगू नये या नियमाला आपण गोपनीयता म्हणतो, तो शब्द असा गुराख्याच्या घरचा. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, ‘गुपू रक्षणे’ स्वतंत्र दिलाय, हे मला दर वेळी सुनावलं जातं. दिलाय, मान्य. पण धातूच आधी आणि नाम मागून, हा हट्ट कशासाठी? भाषा काही पाणिनीला विचारून जन्मली नाही.

हं, ओट्स. जन्म १९१७, साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल. बाप घर सोडून गेलेला, आई कापडगिरणीत कामाला. पुढे लुईव्हिलच्या बॅप्टिस्ट सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, धर्माचं मानसशास्त्र आणि पाळकीय सेवा शिकवली, १९७४पासून लुईव्हिल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. पन्नासावर पुस्तकं. समुपदेशन दोघांत नसतं, देव धरून तिघांत असतं, हा त्यांचा आग्रह. १९९९मध्ये वारले. पाळकांबरोबर डॉक्टरांनाही शिकवणाऱ्या या माणसाला ‘पालकीय’ म्हणणं म्हणजे त्याला शाळेच्या पालकसभेत नेऊन बसवणं.

वर्कोहोलिक राहिला. ‘अल्कोहोलिक’च्या चालीवर ओट्सनी तो १९६८मध्ये स्वतःलाच लावला; पोटच्या पोराने बापाकडे भेटीची वेळ मागावी, इतकं त्यांचं काम वाढलं होतं. म्हणून ‘कामसू’ चालणार नाही, ती शाबासकी आहे. ‘कामवेडा’ फार गोड. ‘दारूबाज’सारखा ‘कामबाज’ केलात तर लोक भलतंच समजतील. सरळ ‘कामाचं व्यसन लागलेला’ लिहा.