कॅप्टन रामसिंग ठाकुरींवर लिहिताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. आझाद हिंद सेनेच्या बँडचे संगीतकार कॅप्टन रामसिंग यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ चा, आणि नेमकं १५ ऑगस्टलाच तुला कॉलेजात त्यांच्यावर बोलायचंय, याचा मला फार आनंद झाला. तळमळ ओळीओळीत दिसते. पण नेताजी आले की रामसिंग मागे सरकतात आणि लेख नेताजींचा होऊन जातो. तिथे हात घालायला हवा.

तू क्लॅरिनेट वाजवतेस, त्याचा उपयोग कर. ‘कदम कदम बढाये जा’ ही त्यांनी बांधलेली धून मैदानावर चालत वाजव. खोलीत बसून नको. एनसीसीच्या बँडमधल्या एखाद्याला ड्रम धरायला सांग, मिनिटाला साधारण १२० पावलांची चाल ठेव. ‘क’ला पाय हवेत असतो आणि ‘दम’वर बूट जमिनीवर पडतो. पुढच्या शब्दांतही जोर पावलाखालीच येतो. शब्द वंशीधर शुक्लांचे. पण पाय कुठे पडणार हे ठरवणारा माणूस स्वतः परेडवर वाढलेला होता. पेटीपुढे बसून अशी चाल सहज बांधता येत नाही. तुझ्या लेखात गाण्याचं कौतुक भरपूर आहे, ते असं का वाटतं याबद्दल एक वाक्यही नाही. ते लिही. बोलताना आधी शब्द न घेता नुसती धून वाजव, मग बोलायला लाग.

दुसरं, त्यांना ‘गायक-संगीतकार’ एवढंच म्हणू नकोस. धरमशाळेजवळच्या खनियारा गावचा हवालदाराचा मुलगा, कोवळ्या वयात पहिल्या गोरखा रायफल्सच्या बँडमध्ये भरती झालेला. सरहद्द प्रांतातल्या कामगिरीबद्दल पदक मिळवलेला शिपाई. १९४१ मध्ये मलायाला रवानगी, जपान्यांची कैद आणि मग आझाद हिंद सेना. लोकांना वाटतं, बँडवाले म्हणजे समारंभापुरते. लढाईत आम्ही फौजेतले बँडवाले वाद्य ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. पचमढीच्या लष्करी संगीत प्रशिक्षणात मला नोटेशन शिकवलं, तसं पलटणीत जखमीला कसं उचलायचं तेही शिकवलं. हे ज्याला माहीत आहे त्याच्याच लेखात रामसिंग खरे उभे राहतात. नेताजींनी त्यांना व्हायोलिन दिलं, हा प्रसंग तू छान रंगवलास. पण ते व्हायोलिन हातात घेणाऱ्या माणसाने आधी काय काय वाहिलं होतं, तेही त्याच परिच्छेदात येऊ दे.

आता ज्यावरून सभेत कुणीतरी हमखास उठेल, ते सांगतो. तू लिहिलंस की ‘जन गण मन’ची चाल रामसिंगांची. ती ओळ काढ. रवींद्रनाथांचं ते गीत २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायलं गेलं. १९१९ मध्ये मदनपल्लीला मार्गारेट कझिन्स यांच्या मदतीने त्याचं नोटेशन झालं. त्या पहिल्या गायनाच्या वेळी रामसिंग जन्मालाही आले नव्हते. १९४३ मध्ये सिंगापुरात आझाद हिंदच्या आबिद हसन आणि मुमताज हुसेन यांनी त्या चालीवर ‘शुभ सुख चैन’ हे हिंदुस्थानी गीत रचलं, आणि त्याला फौजेच्या बँडचं रूप दिलं रामसिंगांनी. संथ प्रार्थनेसारखी चाल पितळी वाद्यांवर, सावधान उभ्या शिपायांच्या छातीत भिडेल अशी बसवणं हे केवढं मोठं काम आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. तेवढंच लिही, आणि ठामपणे लिही. भलतं श्रेय जोडलं की विरोधक त्याच एका ओळीला धरतो आणि खरं कामही वाहून जातं.

तसंच, त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर ध्वजारोहणानंतर वादन केलं, असं सर्रास छापलं जातं. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकवला तो १६ तारखेला. तारीख तपासल्याशिवाय ते वाक्य ठेवू नकोस.

सी. रामचंद्रांच्या ‘समाधी’चा उल्लेख ओघात आला तर येऊ दे. १९५० च्या त्या चित्रपटामुळेही ‘कदम कदम’ घराघरांत गेलं. त्यावर जास्त शब्द खर्चू नकोस.

शब्द खर्च कर तो १९४८ नंतरच्या काळावर. तुझ्या लेखात तो दोन ओळींत उरकलाय, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. आझाद हिंदच्या माणसांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतलं गेलं नाही. रामसिंग उत्तर प्रदेशच्या पीएसीत, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलिस दलात, लखनौला, पोलिसांच्या बँडमध्ये गेले आणि १९७४ पर्यंत तिथे पोरांकडून स्वर घोटून घेत राहिले. सिंगापुरातली वर्षं मोजकी, ही पंचवीसहून अधिक. ज्या सैन्याने त्यांना परत घेतलं नाही, ते आज त्यांच्याच धूनवर संचलन करतं. १५ एप्रिल २००२ ला लखनौलाच त्यांचं निधन झालं. एखाद्या वादकाचं आयुष्य सांगायचं तर रोज सकाळचा रियाझ, फाटलेल्या ड्रमचं कातडं, चुकणारा नवखा पोरगा, हे सगळं त्यात यायला हवं. आपण दोघंही बँडमधलेच. आपण नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

नवा मसुदा महिनाअखेरपर्यंत धाड. क्लॅरिनेटसाठी धूनचं नोटेशन मी हाताने लिहून काढतोय, ते पुढच्या टपालाने येईल. तुझ्या बँडच्या ड्रमरला त्याची प्रत दे.

तुझा,
काका