बांधकामाच्या जागेवरची माती पावसात वाहून रस्त्यावर, नाल्यात जाते. ती कशी रोखावी?

वाहती माती अडवण्यापेक्षा ती सुटूच न देणं कितीतरी सोपं. सगळी जागा एकदम उकरू नका. काम चालू आहे तेवढीच उघडी ठेवा, बाकीचं गवत राहू द्या. मोकळ्या उतारावर लगेच पेंढा किंवा काथ्याची जाळी अंथरा. उताराच्या पायथ्याशी गाळ अडवणारं कापडी कुंपण समतल रेषेत लावा आणि त्याची खालची कड साधारण 15 सेंटिमीटर खोल चरात पुरून माती धुमसून घ्या. हेच नेमकं टाळलं जातं, मग पाणी खालून निघून जातं. पाणी एकवटून वाहतं तिथे मात्र हे कुंपण टिकत नाही. तिथे दगडांचे छोटे बांध घाला. चिकणमातीचे बारीक कण कापडातूनही पार होतात, त्यामुळे पाणी थांबून निवळेल असा खड्डा हवाच. मोठ्या पावसानंतर साचलेला गाळ काढत राहा.