कढीपत्ता आणायला म्हणून निघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, दिवसभर बसून काम, डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलंय, चार वेळा सुरू केलंत आणि चारही वेळा तीन आठवड्यांत सुटलं. दहा हजार पावलं काही होत नाहीत, कंटाळा येतो. आणि मुळात चालणं हा व्यायाम तरी आहे का, की सरळ जिमच लावावी?

जिमचं नंतर बोलू. आधी माझी गंमत सांगते.

मी ६१ वर्षांची. ३६ वर्षं फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली. एवढ्या वर्षांत ‘व्यायाम’ म्हणून एक पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, वेळ कुठाय? आता हिशोब मांडते तेव्हा हसू येतं. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतून दादर स्टेशन पंधरा मिनिटं, मग ब्रिजच्या पायऱ्या, चर्चगेटला उतरल्यावर ओव्हलच्या टोकावरून फाउंटनपर्यंत आणखी दहा-बारा मिनिटं. संध्याकाळी हेच उलट, वर रानडे रोडवर भाजी. म्हणजे रोज जवळजवळ तासभर, तेही ८.५२ पकडायची म्हणून झपझप, खांद्याला पर्स आणि परतताना हातात पिशवी. हे मी चालण्यात धरतच नव्हते. ते ‘जाणं-येणं’ होतं.

निवृत्त झाले आणि जाणं-येणं संपलं. भाजी फोनवरून, औषधं फोनवरून. खाणं तेच, चहा एक वाढला. वर्षभराने रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ५.८ वरून ६.४. डॉक्टर म्हणाले, दारात उभा आहे, आत घ्यायचा की नाही तुम्ही ठरवा. (तो म्हणजे मधुमेह. आमच्या डॉक्टरांना असं बोलायची खोड आहे.)

म्हणून मला वाटतं, तुम्ही सुरुवातच उलट्या बाजूने करताय. तुम्ही दिवसात एक नवीन काम घुसवायला बघताय, आणि भरलेल्या दिवसात नवीन काम टिकत नाही. मी काय केलं, तर जे काढून घेतलं गेलं होतं ते परत बसवलं. फोनवरून मागवणं बंद केलं. दूध, फुलं, कढीपत्ता, लायब्ररीचं पुस्तक, सगळ्याला पायी. कढीपत्ता मी मुद्दाम दोन दिवसांपुरताच आणते. जास्त आणला की सुकतो हे एक, आणि परवा परत जायला निमित्त उरतं हे दुसरं.

निमित्ताला कमी लेखू नका. सोमवारी रात्री आमच्या भागात कधी आलात तर बघा, दुसऱ्या दिवशीच्या मंगळवारसाठी लांबलांबच्या उपनगरांतून सिद्धिविनायकाला अनवाणी चालत येणारी पोरं दिसतील. एरवी हीच पोरं नाक्यापर्यंत जायला बाइक काढतात. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बाया बघा, डोक्यावर तुळस, पायात साध्या चपला. त्यातलं कुणीही कॅलरी मोजत नाही. नुसतं ‘तब्येतीसाठी’ चालायचं म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणारच, मलाही आला असता.

आता दहा हजारांचं भूत उतरवून टाकू. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं, आणि पुढच्या वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा, ऐकायला छान, जगभर चिकटला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता, तो २०१९ मध्ये छापून आला. त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. पुढे साडेसात हजारांपर्यंत ते आणखी कमी होत गेलं आणि त्यानंतर रेषा सपाट झाली. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला थोडी जास्त पावलं मानवतील. पण ‘आज ६२०० च झाली’ म्हणून तोंड पाडून बसायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांत बोलतच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, एवढंच त्यांचं म्हणणं. मी शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारते. कट्ट्याची एक फेरी १.१७ किलोमीटर, म्हणजे तिन्ही मिळून साडेतीन, वेळ चाळीस-बेचाळीस मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, झाली की दोनशे मिनिटं.

मध्यम म्हणजे किती, हे मात्र नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथेच फसतात. सोबतच्याशी बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, ती ती गती. आकडाच हवा असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं. घड्याळ लावून दहा सेकंदांत सतरा पावलं पडतात का बघा. दुकानांच्या काचा बघत रमतगमत जाणं छानच, पण ते या दीडशे मिनिटांत धरू नका. आमच्या कट्ट्यावर एक चौकडी आहे. चौघे हातात हात घालून सगळी वाट अडवून राजकारण करत चालतात, एक फेरी पंचवीस मिनिटांत. त्यांची मैत्री ठणठणीत आहे, बाकीचं माहीत नाही.

हा व्यायाम आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. मला यावर लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट फार आवडते. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती छापली. वर्ग एक, पगार जवळपास सारखा, बस एकच. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर वर-खाली करून तिकिटं फाडणारा, पाळीत पाचशे-साडेसातशे पायऱ्या सहज. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उतारवयात व सौम्य. आपल्याकडे डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला धावलेल्या कुणालाही हा कंडक्टर डोळ्यांसमोर येईल. मॉरिस प्रामाणिक माणूस. पुढे त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाची मापं तपासली आणि सांगून टाकलं की ड्रायव्हर लोक कमरेने आधीपासूनच रुंद होते, म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण नंतरच्या पोत्याने झालेल्या अभ्यासांनी मुद्दा पक्का केला. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले. त्या कंडक्टरांपैकी कुणीही जिम लावली नव्हती.

पण चालण्याने सगळं होतं असंही सांगणार नाही. वजन कमी करायला चालत असाल तर निराश व्हाल. तासभर बऱ्या गतीने चाललं तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोनशे-सव्वादोनशे कॅलरी जातात. पार्कातून बाहेर पडून एक वडापाव खाल्ला की हिशोब उलटा. माझं दीड वर्षात जेमतेम तीन किलो उतरलं, त्यातही चहातली साखर सोडल्याचा वाटा मोठा असणार. साखर मात्र ५.९ वर आली.

दुसरं, चालून पाय आणि हृदय चालतं, पण हात, पाठ, खांदे तसेच राहतात, आणि चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काही करा असंही तेच आरोग्य संघटनेवाले सांगतात. त्यासाठी जिम लावलीत तर उत्तमच. मी घरी करते. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, आणि लिफ्ट बंद असल्यासारखं वागणं.

साखरेसाठी सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या आज्यांनी आधीच नाव देऊन ठेवलाय, शतपावली. जेवलं की रक्तात साखर चढायला लागते. त्याच वेळी चाललात तर पायांचे मोठे स्नायू ती ओढून घेतात, आणि काम करणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. रात्री जेवून सरळ सोफ्यावर बसलं की हे काम राहून जातं. शंभर पावलं नव्हेत, दहा-पंधरा मिनिटं चाला, इथे वेगाची गरज नाही. मी आणि हे रात्री साडेनऊला बिल्डिंगखाली फेऱ्या मारतो. दिवसभरात आमचं जे काही बोलणं होतं ते तेवढंच, त्यामुळे भांडणंही तिथेच होतात. वॉचमनला आमच्या घरातलं सगळं माहीत आहे.

गुडघ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार. चालून गुडघे झिजतात हा गैरसमज फार पसरलाय. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातूनच तिचं पोषण होतं. पाऊल टेकलं की स्पंजासारखी दबते, उचललं की वंगण शोषून घेते. बसून राहिलं तर हे घडणार कसं? सांधा सुजलेला असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

बुटांवर पैसे वाचवू नका, आणि ते संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पावसाळ्यात जुने, तळ गुळगुळीत झालेले बूट घालू नका, हे मी स्वतः शिकले. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळला, सहा आठवडे घरी. तेव्हापासून पावसात मी बिल्डिंगच्या जिन्यातच चढ-उतार करते. डायबिटीस असेल तर अनवाणी चालणं नको आणि रोज रात्री तळपाय बघायचे. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात खडीसाखर ठेवा. चालताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर तिथेच थांबा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, ‘गॅस असेल’ म्हणू नका.

कंटाळ्यावर येते. मी एकाच मैदानाभोवती आठ-नऊशे वेळा तरी फिरले असेन. पहिले दोन महिने कानात गाणी लावायचे. एक दिवस इअरफोन घरी राहिले, आणि नेटमध्ये बॅटवर बसणाऱ्या चेंडूचा टक् असा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. मग कळलं, चांगला फटका आणि कड लागलेला फटका यांचा आवाज वेगळा असतो. आता न बघता ओळखते. एप्रिल-मेमध्ये पर्जन्यवृक्षांखाली गुलाबी झुबक्यांचा सडा असतो, त्यांची पानं संध्याकाळी हात जोडल्यासारखी मिटतात, म्हणून मे महिन्यात मी मुद्दाम दिवेलागणीला जाते. मार्चमध्ये मैदानातली लाल माती उडून नाकात जाते, तेव्हा मोर्चा चौपाटीकडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीला आलेल्या लोकांनी मैदान भरलेलं असतं, तेव्हा फेऱ्या बंद. त्या दिवसांत मी पुस्तकांच्या स्टॉलमधून चालते, पावलं जास्तच होतात.

आणि एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, पांढरा शर्ट, काठी. त्यांच्या डाव्या खिशात पाच चिंचोके असतात. एक फेरी झाली की गणपतीच्या देवळापाशी थांबून एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. माझ्या मनगटावर लेकाने दिलेलं पावलं मोजायचं घड्याळ. एकदा त्यांनी ते हातात धरून नीट बघितलं, चार्ज किती दिवस पुरतो विचारलं. पाच दिवस म्हटल्यावर नुसते हसले. गेल्या पावसाळ्यानंतर चिंचोके तीनच झालेत. ‘दोन बाद झाले,’ म्हणाले, ‘सामना चालू आहे.’

उद्यापासून चाळीस मिनिटं करू नका, पाचव्यांदा सुटेल. पहिले पंधरा दिवस फक्त रात्रीची शतपावली, आणि दिवसात एक वस्तू पायी जाऊन आणायची. पार्किंगमधून बाइक काढण्याआधी विचारा, दहा मिनिटांच्या आतलं आहे का? असेल तर चावी खिशात. पंधरा दिवसांनी सकाळ की संध्याकाळ ते ठरवू. थंडीत मुंबई-पुण्यात पहाटे धूर आणि धूळ खाली साचलेली असते, त्यामुळे ऊन वर आल्यावर निघालेलं बरं, एवढं आताच सांगून ठेवते.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, आणि घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर काय काय आहे तेही, मंडई, देऊळ, लायब्ररी, बरा चहावाला. निमित्त आपण शोधून काढू.